एक मूर्ती

संध्याकाळी पाचच्या सुमारास नर्मदेकाठच्या एखाद्या आश्रमाच्या किंवा साध्या शेतकऱ्याच्या अंगणात पाठपिशवी टेकवून ‘नर्मदे हर’ म्हटलं, की आतून तसाच जबाब येतो. पाठोपाठ प्रश्न येतो, ‘कितनी मूर्ति?’ परिक्रमेत माणसं मोजतात ती मूर्तींत. एक मूर्ती, दोन मूर्ती, सात मूर्ती. विचारणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी पिठाचा डबा असतो. ‘एक’ म्हटलं की जे शिजतंय त्यातच एक ताट वाढतं. ‘सहा’ म्हटलं की चूल पुन्हा पेटवावी लागते, शेजारून पीठ आणावं लागतं आणि घरातल्या बाईची झोप तासभर पुढे जाते. सहा जण मग ओसरीवर आपापसात बोलत बसतात. एकटा माणूस चुलीपाशी बसतो. एकट्यानं परिक्रमेला जावं, असं सांगायला माझ्याकडे जी कारणं आहेत त्यांत हे पहिलं: एकट्याला घराच्या आत जागा मिळते.

पायी परिक्रमा म्हणजे नदी उजव्या हाताला ठेवून तिला पूर्ण फेरी घालणं. अमरकंटकपासून भरूचच्या पुढे खंबातच्या आखातापर्यंत नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते. दोन्ही काठ धरले तर २,६०० च्या वर, आणि धरणांच्या जलाशयांना वळसे घालत चाललं की अंतर तीन हजारांच्या पुढे जातं. रोज वीस किलोमीटर धरले तरी दीडशे दिवस चालण्याचेच, विश्रांतीचे वेगळे. परंपरेनं तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांत करायची ही वाट आता बहुतेक जण पाच-सहा महिन्यांत पुरी करतात. नदी ओलांडायची नाही हा मुख्य नियम. उपनद्या ओलांडता येतात, नर्मदा नाही. म्हणून ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावर गोमुख घाटाला संकल्प सोडून परिक्रमा उचलली, की समोर दिसणाऱ्या मांधाता बेटावरच्या ज्योतिर्लिंगाला जाता येत नाही. पाच-सहा महिन्यांनी परतल्यावर, निघताना नर्मदेच्या पाण्यानं भरून घेतलेली बाटली तिथे वाहायची.

या वाटेवरच्या मैत्रीचं सगळं गणित एका साध्या गोष्टीत आहे. सगळे एकाच दिशेनं चालतात. समोरून परिक्रमावासी येतच नाही. जलहरी परिक्रमा करणारे समुद्र न ओलांडता आल्या काठानं परत फिरतात, तेवढा अपवाद, आणि ते विरळा भेटतात. म्हणजे तुमची ओळख कुणाशी होणार, तर तुमच्या पुढे-मागे एक-दोन दिवसांच्या अंतरावर असलेल्यांशी. समजा, तुमची चाल रोज वीस किलोमीटरची आहे आणि कालपरवा ओळख झालेल्या माणसाची तेवीसची. आठवड्यात तो एकवीस किलोमीटर, म्हणजे साधारण एक मुक्काम पुढे जातो. त्यानं कुठे एक दिवस विसावा घेतला, की तुम्ही पुन्हा त्याच ओसरीवर. असं पाच महिने चालतं. माणूस हरवतो, दहा दिवसांनी सापडतो, पुन्हा हरवतो. पुढच्या आश्रमाच्या वहीत त्याची सही दिसते, तारीख दिसते, आणि तो परवाच इथून गेला हे कळतं. काठावर बातमी माणसांच्या तोंडून पुढे-मागे जाते. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला सांगितलं, तर पुढच्या गावात निरोप पोचलेला असतो.

हे गणित न समजता नवा माणूस जी चूक करतो ती अशी: पहिल्याच आठवड्यात मन जुळलेल्या सोबत्याची चाल धरायला जातो. चाल ही उंची, वजन, वय आणि सवय यांतून ठरलेली असते. दुसऱ्याच्या चालीनं दिवसभर चाललं की पाऊल नेहमीपेक्षा लांब पडतं, टाच जोरात आपटते, आणि चार-पाच दिवसांत नडगीच्या पुढच्या बाजूला कळ येऊ लागते. हळू माणसाबरोबर मुद्दाम रेंगाळणंही सोपं नाही, त्यात पिशवीचं ओझं खांद्यावर जास्त वेळ राहतं. जुने परिक्रमावासी एकत्र चालत नाहीत, एकत्र मुक्कामाला येतात. सकाळी निघताना रात्रीचं ठिकाण ठरवायचं आणि त्याच्या अलीकडचं एक पर्यायी ठिकाणही. संध्याकाळी जो आला नाही तो अलीकडे थांबला असं समजायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघायची, मग निघायचं. यात कुणी रागवायचं नाही हे आधीच बोलून घेतलेलं बरं, कारण सोबत तुटण्याचं दुःख जेवढं असतं त्याहून जास्त दुःख ‘मला सोडून गेला’ या भावनेचं असतं.

ओझ्याचंही तेच. पिशवी पाण्यासकट सहा-सात किलोंच्या वर नको: झोपायची पिशवी, खाली घालायला प्लास्टिक, दोन जोड कपडे, डास आवरायला काहीतरी, विजेरी, कमंडलू किंवा छोटा डबा, ताट-वाटी, औषधं, ओळखपत्राच्या प्रती, शिक्के घ्यायची वही आणि काठी. बूट नेहमीच्या मापाहून एक अंक मोठे, कारण रोज वीस किलोमीटर चालणारं पाऊल सुजतं आणि पसरतं. फोड आलाच तर सुई तापवून कडेला टोचून पाणी काढायचं आणि वरची कातडी तशीच ठेवायची. ती सोलली की खालचं कोवळं मांस उघडं पडतं आणि दोन दिवसांचं दुखणं आठवड्याचं होतं. दुसऱ्याच्या पायाचा फोड बघून पट्टी लावून देणं ही काठावरची सर्वांत पहिली ओळख असते. नावं नंतर कळतात.

नावांपेक्षा आधी विचारतात, ‘परिक्रमा कहाँ से उठाई?’ पुरुष ‘बाबाजी’ किंवा ‘महाराजजी’, बाई ‘माताराम’. गाव, शिक्षण, नोकरी, पगार हे फार उशिरा येतं, पुष्कळदा येतच नाही. निवृत्त बँक अधिकारी आणि बुंदेलखंडचा शेतमजूर एकाच धुनीशी आसन लावतात आणि दोघांना सकाळी एकाच नळावर तोंड धुवायचं असतं.

मुक्कामाला पोचल्यावर काय करायचं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आधी विचारायचं, आसन कुठे लावू. दाखवतील तिथेच लावायचं. पंख्याखालची किंवा भिंतीची जागा आपणहून धरायची नाही. घोरणारा माणूस असेल तर त्यानं स्वतःच कडेची जागा मागावी. पाय धुवावेत, मग झाडू, पाणी, भाजी चिरणं यांतलं एक काम उचलावं. आंघोळ, नर्मदाष्टक, आरती. काही ठिकाणी तयार भोजनप्रसादी मिळते, काही ठिकाणी सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, तिखट. खरी ओळख सदाव्रताच्या रात्री होते. मूर्तीमागे पाव किलो पीठ आणि मूठभर डाळ धरायची. एकानं काटक्या गोळा करायच्या, एकानं डाळ चढवायची, एकानं कणीक मळायची. टिक्कडाची कणीक पोळीपेक्षा घट्ट हवी आणि टिक्कड करंगळीएवढं जाड. बहुतेकांचं पहिलं टिक्कड बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं, कारण भूक लागलेली असते आणि जाळावरच भाजायची घाई होते. जाळ बसू द्यायचा. दोन्ही बाजू तव्यावर आवळून घेतल्या की मग निखाऱ्यांच्या कडेला उभं करून फिरवत राहायचं. दहा मिनिटं लागतात. या दहा मिनिटांत माणसं जे बोलतात ते घरी वर्षानुवर्षं कुणाशी बोललेली नसतात.

मराठी माणसांना एक गोष्ट कळकळीनं सांगाविशी वाटते. परिक्रमेत मराठी माणसं पुष्कळ असतात. ओंकारेश्वरहून निघून दोन-तीन दिवसांत रावेरखेडीला येतो. १७४० च्या एप्रिलात पहिले बाजीराव तिथे वारले, त्यांची समाधी तिथे आहे, आणि तिथे आपली माणसं हमखास भेटतात. पुढे उत्तर तटावर संत रंगावधूतांचं नारेश्वर, टेंब्ये स्वामींची समाधी असलेलं गरुडेश्वर. तिथेही मराठी कानावर पडतं. घराची आठवण आलेल्या माणसाला मराठी ऐकलं की किती बरं वाटतं हे सांगायला नको. पण पाच-सहा मराठी मंडळींचा घोळका एकदा झाला, की तो अमरकंटकपर्यंत घोळकाच राहतो. निमाडी, भिली, गुजराती, बुंदेली, गोंडी या सगळ्यांच्या मधून माणूस आपल्याच गल्लीत असल्यासारखा चालत जातो. एखादी रात्र मराठी गप्पांत जावी, चार रात्री जाऊ नयेत. देवउठनी, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर पहिल्या पंधरवड्यात ओंकारेश्वरहून सगळ्यांत मोठी लाट सुटते. घोळका टाळायचा असेल तर लाट जाऊ द्यावी, पंधरा दिवसांनी निघावं. वैशाखात निमाडमध्ये चाळीस अंशांच्या वर तापतं, तेवढा हिशेब मात्र ठेवावा.

एकट्याच्या हट्टाला मुरड घालायची जागाही आहे. बडवानीच्या राजघाटानंतर दक्षिण तटाची वाट सातपुड्यात शिरते. ही शूलपाणीची झाडी. भादलनंतर महाराष्ट्र लागतो, नंदुरबार जिल्ह्यातले अक्राणी आणि अक्कलकुवा तालुके, धडगाव, मोलगी. पूर्वी या झाडीत परिक्रमावाशांना लुटत, अंगावरचे कपडेही काढून घेत, आणि लुटणाऱ्या भिलांना वाटेवर ‘मामा’ म्हणत. आता त्याच पाड्यांवर मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ खाऊ घालतात. सरदार सरोवर २०१९ मध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरलं, आणि काठच्या जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. आता डोंगरावरून चढ-उतार करत जावं लागतं, फाटे फसवे आहेत, फोनला रेंज नाही. इथे दोघा-तिघांनी एकत्र चालावं, एकमेकांच्या हाकेच्या अंतरात. तिघांपेक्षा जास्त नकोत, कारण पाड्यावरच्या झोपडीत तिघांच्या वर माणसं मावत नाहीत आणि त्या घरचं धान्यही मोजकंच असतं. एकट्या मातारामनं इथे सोबत धरावीच, आणि मुक्काम मोकळ्या धर्मशाळेत न करता बायकामुलं असलेल्या घरी मागावा. घरची बाई स्वतःशेजारी अंथरूण घालते.

या घरांचं देणं कसं फेडायचं, यावर मी खूप कडक मताचा आहे. हातात पैसे ठेवले तर बहुतेक घरं ते परत करतात किंवा अवघडतात. चहा-साखर, तेल, मीठ हे गुपचूप चुलीपाशी ठेवावं. वाटेवर मुलांना गोळ्या-बिस्किटं वाटत जाऊ नये. दर दिवसाला वीस परिक्रमावासी गोळ्या वाटत गेले, की महिन्याभरात ‘नर्मदे हर’ म्हणणारी पोरं हात पसरून धावत येऊ लागतात. ती सवय आपण लावतो आणि पुढे जातो. वह्या-पेन द्यायचे तर गुरुजींच्या हाती शाळेत द्यावेत. आणि ‘मी परत येईन’, ‘मुलाला पुण्यात काम बघतो’ असं बोलू नये. त्या घरी आपण एका रात्रीचे पाहुणे असतो, पण शब्द वर्षभर आठवणीत राहतो.

शब्द पाळून राहिलेली माणसंही या काठानं पाहिली आहेत. नाशिकच्या भारती ठाकूर २००५-०६ मध्ये पायी परिक्रमा करून गेल्या आणि पुढे खरगोन जिल्ह्यात, महेश्वर-मंडलेश्वरच्या परिसरात काठावरच्या मुलांसाठी शाळा उभ्या करायला परत आल्या. नर्मदालय हे त्यांचं काम. त्याच जिल्ह्यात भट्याणला सियाराम बाबा वर्षानुवर्षं परिक्रमावाशांना चहा पाजत आणि कुणाकडूनही दहा रुपयांच्या वर घेत नसत. ते २०२४ च्या डिसेंबरात गेले. काठाशी नातं असं दोन्ही बाजूंनी जडतं, चालणाऱ्याचं आणि बसलेल्याचं.

सगळी हरवलेली माणसं एका ठिकाणी मात्र हमखास भेटतात. दक्षिण तट संपतो तिथे, भरूच जिल्ह्यात हांसोटच्या पुढे, विमलेश्वर-कठपोरच्या किनाऱ्यावर. इथून नावेनं समुद्र ओलांडून उत्तर तटावर मिठी तलाईला उतरायचं असतं. नदी ओलांडण्याची बंदी मोडत नाही, कारण हा रेवासागर संगम, नर्मदा समुद्राला मिळते ती जागा. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे, आणि नाव भरतीच्या पाण्यावरच सुटते. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. कधी पहाटे तीनला उठवतात, कधी भर दुपारी. नावनोंदणी क्रमानं होते, ओळखपत्राची प्रत लागते, आणि गर्दी असेल तर एक-दोन दिवस थांबावं लागतं. म्हणजे पंचवीस दिवसांपूर्वी बडवानीत हरवलेला माणूस इथे अंथरुणावर बसलेला सापडतो. दोन-तीन दिवस पुढे असलेले अडकलेले असतात, मागचे येऊन मिळतात. चालणाऱ्यांच्या साखळीच्या कड्या इथे एकावर एक येऊन पडतात. या एका रात्रीत झाडीत कोण आजारी पडलं, कोण परत गेलं, कुणाची वाट चुकली, हे सगळं कळतं.

नावेत तीन-चार तास जातात. उन्हाला डोक्यावर पंचा, पिण्याचं पाणी जवळ, पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, रिकाम्या पोटी बसायचं नाही आणि भरल्या पोटीही नाही. कोरडं काहीतरी खावं. पलीकडे पाणी उथळ असेल तर चिखलात उतरावं लागतं. बूट गळ्यात बांधावेत, पाऊल सपाट टाकावं आणि वर काढताना आधी टाच सोडवावी. इथे वयस्कर माणसाला दोघांनी दोन्ही दंडांना धरून काढतात. आणि पाच मिनिटांत, किनाऱ्यावर पाय धुऊन होताच, सगळी पुन्हा आपापल्या चालीनं पांगतात. ही पांगापांग ज्याला जमली त्याला परिक्रमा जमली असं म्हणायला हरकत नाही.

पैसा आणि आजारपण यांनी काठावरच्या मैत्र्या सर्वांत जास्त बिघडतात. उसने द्यायचे तर परत न आले तरी चालतील एवढेच द्यावेत. दोघांत एक खर्चाचा बटवा करणंही नको, कारण चाल वेगळी झाली की हिशेब अर्धा राहतो. आजारात मात्र मोकळ्या हातानं मदत करावी. जुलाब सुरू झाले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट देत राहायचं. ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही तर डांबरी रस्त्यावर नेऊन बस पकडून सरकारी दवाखाना गाठायचा; परिक्रमा मोडेल म्हणून अडून बसू द्यायचं नाही. दवाखाना त्याच तटावरचा बघितला तर नियमही मोडत नाही. प्रत्येकानं वरच्या खिशात एका कागदावर नाव, रक्तगट, चालू औषधं आणि घरचा फोन लिहून ठेवावा. बेशुद्ध माणसाचा फोन कुलूपबंद असतो, कागद उघडा असतो.

तीन वर्षांची परिक्रमा करणारे आषाढी ते कार्तिकी एका जागी चातुर्मास करतात, ती मैत्री वेगळ्याच जातीची. चालताना माणूस आवडला नाही तर उद्या सुटका असते. पावसात चार महिने त्याच चुलीवर, त्याच माणसाबरोबर राहायचं असतं. कामांच्या पाळ्या पहिल्याच आठवड्यात ठरवाव्यात, हे त्यातले जाणते सांगतात.

परत आल्यावर तीस-तीस जणांचे फोन क्रमांक असतात आणि व्हॉट्सॲपचा गट असतो. असा गट उन्हाळ्यापर्यंत नुसत्या सुप्रभातावर येतो. त्यापेक्षा चार-पाचच माणसं निवडावीत, आणि त्यांत निम्मी तरी काठावरची असावीत. घराचं नाव, पाडा, पोस्ट, तालुका, सहा आकडी पिनकोड हे तिथे असतानाच वहीत लिहून घ्यावं. नंतर नकाशावर पाडा सापडत नाही. काढलेले फोटो कागदावर छापून टपालानं पाठवावेत. ज्या घरात एकच साधा फोन आहे तिथे तो छापील फोटो भिंतीवर लागतो.

फोन करायचा तर रथसप्तमीला करावा, माघ शुद्ध सप्तमी, नर्मदा जयंती. काठावर त्या दिवशी दिवे सोडतात, भंडारे असतात, पण संध्याकाळी घरचे घरी असतात. तुमचं नाव सांगून उपयोग होत नाही, नाव त्यांनी विचारलेलंच नसतं. कुठल्या महिन्यात आलो होतो, पायाला काय झालं होतं, चुलीपाशी बसून काय बोललो होतो, हे सांगत जायचं. पलीकडे क्षणभर शांतता असते. मग विचारतात, ‘कितनी मूर्ति थीं?’

‘एक,’ म्हटलं की ओळख लगेच पटते.